ऑथेल्लोचा स्वभाव आणि डेस्डिमोनाची साक्ष

शेक्सपिअरचे 'ऑथेल्लो' ज्या ज्या अभ्यासक्रमात लागते, तेथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. मत्सर हा ऑथेल्लोच्या स्वभावातील दोष त्याच्या नाशास कसा कारणीभूत झाला, हे सोदाहरण स्पष्ट करा. या प्रश्नाचे उत्तरही ठरलेले असते. नायक थोर, शूर आणि भोळा. त्याच्या ठायी मत्सराचे एक बीज. यागो नावाचा खलपुरुष त्या बीजाला खतपाणी घालतो. शेवटी नायक निष्पाप पत्नीचा वध करतो आणि सत्य कळताच स्वतःलाही संपवतो. मग एका परिच्छेदात यागोचे स्वभावचित्र, एका परिच्छेदात डेस्डिमोनाचे आणि उरल्या जागेत रुमाल. आम्ही स्वतः हेच उत्तर लिहून उत्तीर्ण झालो आणि पुढे कित्येक वर्षे हेच उत्तर वर्गात उतरवून दिले. हे उत्तर अपुरे आहे एवढेच आमचे म्हणणे नाही. ते चुकीचे आहे, आणि ज्या प्रकारे ते चुकीचे आहे तो प्रकार घातक आहे, असे आमचे आज मत आहे.

एकदा पाचवा अंक शिकवताना एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले होते, "एमिलिया शपथेवर सांगते, डेस्डिमोना शपथेवर सांगते, मग त्याने कॅसिओला एकदा समोर बोलावून का विचारले नाही?" आम्ही उत्तर दिले, "मग नाटकच झाले नसते." वर्ग हसला, तीही हसली आणि खाली बसली. तिने या नाटकाचा गाभा नेमका पकडला होता, आणि आम्ही विनोद करून सुटका करून घेतली होती, हे लक्षात यायला आम्हांला फार वेळ लागला.

प्रथम 'दोष' या शब्दाविषयी. शोकांतिकेच्या नायकात एक घातक दोष असतो, हे मत आपण ॲरिस्टॉटलच्या नावावर खपवतो. 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात त्याने वापरलेला शब्द 'हामार्तिया' हा आहे आणि त्याच्या मुळाशी नेम चुकणे हा अर्थ आहे. चूक ही केली जाते. दोष हा अंगी असतो. चुकीविषयी बोलताना ती कधी केली, कशाच्या आधारे केली, टाळता आली असती का, हे विचारावे लागते. दोषाविषयी बोलताना यांपैकी काहीच विचारावे लागत नाही. 'स्वभावाला औषध नाही' ही आपली म्हण प्रश्नपत्रिकेत जाऊन बसते आणि नायक जवळजवळ निर्दोष सुटतो.

समीक्षेच्या मोठ्या परंपरेनेही या बाबतीत आपल्याला फारशी मदत केलेली नाही. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ऑथेल्लो मुळात मत्सरी नाहीच, असे आग्रहाने मांडले. एफ. आर. लीव्हिस यांनी १९३७ मध्ये त्यांच्यावर कडाडून हल्ला केला. ऑथेल्लो हा स्वतःच्या थोरवीच्या प्रेमात असलेला पुरुष आहे आणि यागोला फारसे कष्ट पडतच नाहीत, असे ते म्हणाले. दोघेही बारकाईने वाचणारे समीक्षक होते. पण दोघांच्याही वादाचा विषय एकच राहिला: हा माणूस मुळात कसा होता? वर्गात आपण या वादाचे दोन पक्ष मांडतो, 'सत्य मध्ये कुठेतरी आहे' म्हणतो आणि पुढे सरकतो. हा प्रश्नच कितपत योग्य आहे, हे मात्र तपासत नाही.

ते तपासायचे तर नाटकातच पाहावे. या नाटकात स्वभावचित्रे कोण रेखाटतो? सर्वांत कुशलतेने रेखाटतो तो यागो. मूर मोकळ्या मनाचा आहे, जो प्रामाणिक दिसतो त्याला तो प्रामाणिक समजतो, हे तो पहिल्या अंकातच सांगतो. ऑथेल्लोचे मन स्थिर, प्रेमळ आणि उदार आहे, हेही प्रेक्षकांना त्याच्याच तोंडून कळते. आणि तिसऱ्या अंकात, जिथे डाव पलटतो तिथे, तो पुराव्याऐवजी एक सामान्य स्वभावचित्रच ऑथेल्लोच्या हाती ठेवतो: व्हेनिसच्या स्त्रिया अशा असतात, त्यांना पाप टाळण्याची नव्हे, लपवण्याची चिंता असते, शिवाय हिने बापाला फसवले होते, हे विसरू नका. डेस्डिमोनाने काय केले, याविषयी यांत एक अक्षरही नाही. ती कोणत्या प्रकारात मोडते, एवढेच आहे.

दुसरे स्वभावचित्र डेस्डिमोनाचे आहे आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. रुमाल हरवल्यानंतर एमिलिया तिला विचारते, आपला पती संशयी नाही ना? डेस्डिमोना निःशंकपणे सांगते की तो ज्या देशात जन्मला तिथल्या सूर्यानेच असले विकार त्याच्यातून शोषून घेतले आहेत. उष्ण देशातला माणूस तापट आणि मत्सरी असतो, हा त्या काळचा पक्का समज होता. तिने तो प्रेमाने उलटा केला. तिने पतीचा स्वभाव ओळखला होता, निदान तसे तिला वाटत होते, आणि म्हणून समोर काय चालले आहे ते तिला दिसले नाही. तिसरे स्वभावचित्र खुद्द ऑथेल्लोचे. मरण्यापूर्वी तो सांगतो की माझ्याविषयी लिहाल तेव्हा लिहा, हा सहजी संशय घेणारा नव्हता, याने अतिरेकी प्रेम केले. हे आरोपीचे स्वतःच्या बचावाचे भाषण आहे. आपण ते उत्तरपत्रिकेत निकालपत्र म्हणून लिहायला लावतो.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. नाटकाच्या पहिल्या अंकात एक खटला चालतो. ब्रॅबान्शिओचा आरोप आहे की मूराने जादूटोणा करून, औषधे पाजून आपली मुलगी पळवली. ड्यूकसमोर ऑथेल्लो काय मागतो? डेस्डिमोनाला बोलवा, तिला तिच्या वडिलांसमोर बोलू द्या, आणि तिच्या सांगण्यातून मी दोषी ठरलो तर माझे पद आणि प्राणही घ्या. ब्रॅबान्शिओसुद्धा तिचे म्हणणे ऐकण्याची विनंती करतो. ती येते, बोलते, आणि खटला संपतो. एका स्त्रीच्या शब्दावर एका सेनापतीचे आयुष्य तोलले जाते, आणि तो शब्द पुरेसा ठरतो.

हा प्रवेश पाचव्या अंकाशेजारी ठेवून वाचावा. तोच ऑथेल्लो आता आरोप करणारा आहे, न्यायाधीश आहे आणि शिक्षा अंमलात आणणाराही आहे. डेस्डिमोना तेच मागते जे त्याने मागितले होते: त्या माणसाला बोलवा, त्याला विचारा. उत्तर मिळते की त्याने कबुली दिली आहे आणि त्याचे तोंड आता बंद झाले आहे. ती रडते, तर ते रडणे प्रियकरासाठी ठरते. ती अर्धा तास मागते, तोही मिळत नाही. त्याआधी चौथ्या अंकात एमिलियाची साक्ष झालेलीच आहे. तिने प्राण पणाला लावून सांगितले की मालकीण निर्दोष आहे. त्यावर ऑथेल्लोचा निष्कर्ष असा की कोणतीही कुंटीण एवढे तर म्हणेलच. म्हणजे निर्दोषत्वाची साक्षच अपराधाचा पुरावा होते. दुसरीकडे यागोने सांगितलेले कॅसिओचे झोपेतले बोलणे ग्राह्य धरले जाते आणि दुरून पाहिलेले, नीट न ऐकलेले हसणे ग्राह्य धरले जाते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: या नाटकातला मत्सर हा ऑथेल्लोच्या रक्तात दडलेला विकार नाही. कोणाचा शब्द पुरावा मानायचा आणि कोणाचा नाही, हे ठरवण्याची ती एक रीत आहे. ती यागोने सुरू केली. ऑथेल्लोवर आपल्या पत्नीच्या बाबतीत संशय आहे, तो खरा की खोटा ठाऊक नाही, पण नुसता संशयही आपण खात्रीसारखाच वापरू, असे तो पहिल्याच अंकात स्वतःशी बोलतो. ऑथेल्लो पुढे शिकतो ते हेच.

यावर आक्षेप येईल की ही रीत स्वीकारणारा माणूस मुळात मत्सरी असला पाहिजे. या आक्षेपाचे उत्तर नाटकाने देऊन ठेवले आहे, आणि ते अशा पात्राच्या तोंडी आहे जिच्यावर आपण दोन ओळींच्या वर कधी लिहून घेत नाही. ते पात्र म्हणजे बियांका. तिलाही मत्सर वाटतो, आणि तोही त्याच रुमालावरून. कॅसिओने तो नक्षी उतरवून घेण्यासाठी तिच्या हाती दिला. तो दुसऱ्या कुणा स्त्रीने दिला असणार, असा तिचा कयास. वस्तू तीच, संशय तोच, वेदनाही खोटी नाही. ती काय करते? थेट कॅसिओला विचारते. दुसऱ्यांदा भर रस्त्यात त्याच्यावर तो रुमाल परत टाकते, चार शब्द सुनावते, आणि जाता जाता रात्रीच्या जेवणाचे बोलावणेही देऊन जाते. कोणीही मरत नाही. मत्सर हाच जर घातक विष असता, तर बियांका कशी वाचली? १६२३ च्या फोलिओतील पात्रयादीत तिची ओळख गणिका अशी छापली आहे. नाटकात मात्र तिला कोणी तसे म्हटले की ती ठणकावून सांगते, मी तुमच्याइतकीच प्रामाणिक आहे. 'प्रामाणिक' हा अर्थ असलेला मूळ इंग्रजी शब्द आणि त्याची रूपे या नाटकात पन्नासहून अधिक वेळा येतात, आणि ते विशेषण सर्वांत लाडाने चिकटते ते यागोला. कोणाच्या शब्दाला वजन आहे, याचा यापेक्षा स्पष्ट हिशेब शेक्सपिअरने तरी कसा मांडावा?

मराठी वाचकाला ही गोष्ट समजायला खरे तर सोपी जावी. वर्गात आपण 'मत्सर' म्हणतो; घरात आणि रस्त्यावर माणसे 'संशय' म्हणतात. मत्सर वाटतो, संशय घेतला जातो. 'घेणे' या क्रियापदात कर्ता आहे आणि जबाबदारीही आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये हे नाटक मराठीत आणले. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये त्याचे 'झुंझारराव' केले. याच देवलांचे दुसरे नाटक 'संशयकल्लोळ', ज्याचे मूळ शोधत गेले तर मोलिएरच्या प्रहसनाशी पोचते. तिथे रुमालाऐवजी तसबीर आहे. पण तिथे फाल्गुनरावाइतकाच कृत्तिकेलाही संशय घेण्याचा, भांडण्याचा आणि जाब विचारण्याचा हक्क आहे, आणि सर्व माणसे समोरासमोर आली की गाठ सुटते. एकाच नाटककाराच्या हातून झालेली ही दोन नाटके आपण शेजारी ठेवून कधी शिकवत नाही. एक 'इंग्रजी शोकांतिकेचे रूपांतर' म्हणून आणि दुसरे 'संगीत नाटक' म्हणून वेगवेगळ्या कप्प्यांत पडून राहते.

आणि आपल्या वृत्तपत्रांतला तो ठरलेला मथळा: 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून'. यातला शब्द पाहावा. पुरुषाला स्वभाव असतो, स्त्रीला चारित्र्य. आपल्या प्रश्नपत्रिकाही हीच वाटणी पाळतात: ऑथेल्लोच्या स्वभावाचा विकास, डेस्डिमोनाच्या चारित्र्याची शुद्धता. ती शुद्ध होती म्हणून तिचा वध अन्याय्य, असे आपण नकळत शिकवतो. ती शुद्ध नसती तर? हा प्रश्न वर्गात कोणी विचारत नाही. एमिलिया मात्र तो जवळजवळ विचारते. चौथ्या अंकाच्या शेवटी पुरुष जे करतात ते स्त्रियांनी केले तर काय, असे ती जे दीर्घ भाषण करते, ते १६२२ च्या क्वार्टोत नाही, १६२३ च्या फोलिओत आहे. आणि वेळ कमी पडला की आपण वर्गात सर्वांत आधी गाळतो तेही हेच.

विद्यार्थ्यांना परीक्षा द्यायची असते, स्वभावचित्रणापासून सुरुवात करणे त्यांना सोयीचे असते, हे आम्हांला मान्य आहे. पात्रे ही कोणी माणसेच नाहीत, नुसती सामाजिक रचना आहे, असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीतही आम्हांला बसायचे नाही. ऑथेल्लो परका आहे, त्याच्या वर्णावरून त्याला पावलोपावली हिणवले जाते आणि यागो त्याच जखमेवर बोट ठेवतो, हे विसरून हे नाटक वाचताच येत नाही. पण यातले काहीही सांगितले, तरी डेस्डिमोनाला बोलू न देण्याचा निर्णय त्याचाच राहतो. संशय ही कृती मानली तर त्याची जबाबदारी वाढते. स्वभाव मानला तर ती कमी होते. आपण इतकी वर्षे ती कमी करत आलो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पुढच्या वेळी हे नाटक शिकवताना फळ्यावर स्वभावविशेषांची यादी लिहू नये. दोन रकाने आखावेत: कोण काय सांगतो, आणि त्याच्यावर कोण विश्वास ठेवतो. पहिल्या अंकापासून ते भरत जावे. शेवटच्या प्रवेशापर्यंत पोचल्यावर दिसेल की यागो एमिलियाला घरी जा म्हणतो, गप्प बस म्हणतो, आणि ती बसत नाही. रुमाल तिनेच नवऱ्याला दिला होता, हे ती स्वतःच्या तोंडाने सांगते, आणि त्याच शब्दांवर सारा कट उलगडतो. तिची साक्ष या वेळी ऐकली जाते. त्यासाठी तिला प्राण द्यावे लागतात, आणि तोवर डेस्डिमोना मेलेली असते. त्या विद्यार्थिनीने आज तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर आम्ही तिला हाच प्रवेश उघडायला सांगू.