निम्मी क्षमता म्हणजे निम्मी वीज नव्हे

जून २०२५ अखेर भारताच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर पोहोचला. २०३० साठी ठरवलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठले गेले. ही कामगिरी खरी आहे आणि मोठीही आहे. परंतु ही बातमी हातोहात फिरताना ‘देशाची निम्मी वीज आता स्वच्छ’ अशी होऊन बसली, आणि विज्ञानाचे पदवीधरही ती तशीच पुढे पाठवत राहिले. आक्षेप आहे तो याला.

शक्ती आणि ऊर्जा यांतील भेद आपण शाळेतच शिकतो. गिगावॉट हे शक्तीचे एकक, तर घरच्या बिलावरचे युनिट, म्हणजे किलोवॉट-तास, हे ऊर्जेचे. सौर पॅनेलची क्षमता प्रमाणित स्थितीत मोजली जाते : दर चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश. मे महिन्यात राजस्थानच्या वाळवंटात प्रकाशाला तोटा नसतो, पण पॅनेल ६० अंशांच्याही पुढे तापते आणि सिलिकॉन सेलची शक्ती दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. शिवाय धूळ, ढग आणि रोजची रात्र आहेच. क्षमतेचा वर्षभराचा सरासरी वापर २० टक्के धरला, तर १ गिगावॉट सौरक्षमता वर्षाला सुमारे १७५ कोटी युनिट देते. तेवढ्याच क्षमतेचे कोळशाचे केंद्र ७० टक्के भारावर चालले तर ६०० कोटींहून अधिक देते. म्हणूनच २०२४-२५ मध्ये देशात निर्माण झालेल्या विजेत सूर्याचा वाटा ८ टक्क्यांच्या आसपास होता आणि कोळशाचा ७० टक्क्यांहून अधिक.

हे वाचून सौरऊर्जेला थोतांड ठरवणाऱ्यांनी हर्षभरित होऊ नये. भडल्याच्या सौर उद्यानासाठी २०१७ च्या लिलावात दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला होता. दुपारची वीज यापेक्षा स्वस्त दुसऱ्या कोणत्या नव्या केंद्रातून मिळणार, हे त्यांनी सांगावे. अडचण सूर्याची नाही, सूर्यास्तानंतरच्या आपल्या तयारीची आहे.

दुपारी सौरवीज भरभरून येते, तेव्हा कोळशाची केंद्रे बंद करता येत नाहीत. थंड झालेला बॉयलर पुन्हा पेटवून पूर्ण भारावर आणायला कित्येक तास लागतात, आणि संध्याकाळी दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे एकदम सुरू होताच हीच केंद्रे लागतात. त्यामुळे ती दिवसभर कमी भारावर धुमसत ठेवावी लागतात. २०२३ च्या नियमांनुसार हा किमान भार ५५ टक्के आहे. तो टप्प्याटप्प्याने ४० वर न्यायचा आहे. मग दुपारी वीज जास्त झाली की कपात कोणाची? फुकटच्या उन्हाची! संध्याकाळचा कोळसा जपण्यासाठी दुपारचा सूर्य नाकारायचा, असा हा उफराटा व्यवहार आहे. त्यात राजस्थानात पारेषण वाहिन्या सौर उद्यानांच्या मागे रेंगाळल्या आणि तयार वीज जागीच अडली. (अशा वेळी माळढोकाला दोष देण्याची सोय आहेच, पक्ष्याला खुलासा करता येत नाही.)

उपाय साठवणुकीचा, हे सगळेच मान्य करतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सल्ला दिला, की नव्या सौर निविदांमध्ये क्षमतेच्या किमान १० टक्के आणि किमान दोन तासांची साठवण असावी. विद्यार्थ्यांनी हे गणित जरूर करून पाहावे. १०० मेगावॉटचा प्रकल्प दिवसाला सरासरी ४८० मेगावॉट-तास वीज देतो. १० मेगावॉट गुणिले दोन तास म्हणजे साठवण २० मेगावॉट-तासांची. जेमतेम ४ टक्के! याच प्राधिकरणाच्या आराखड्यात २०३१-३२ पर्यंत देशाला ४११ गिगावॉट-तास साठवण लागेल असे म्हटले आहे, आणि त्यातला बराच वाटा उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा धरला आहे. आपल्या घाटघरचा प्रकल्प याच जातीचा, २५० मेगावॉटचा. असे प्रकल्प उभे राहायला वर्षे लागतात. पॅनेल मात्र काही महिन्यांत लागतात. म्हणूनच पॅनेलची फीत कापण्याचे समारंभ अधिक होत असावेत.

तेव्हा प्रत्येक नव्या गिगावॉटच्या घोषणेसोबत विचारावे : त्यातील किती वीज रात्री आठ वाजता मिळेल? देशाच्या ग्रिड नियंत्रकाच्या दैनिक अहवालात रात्री आठच्या मागणीचा आकडा असतो, आणि सौरवीज दिवसभरात किती युनिट मिळाली तेही असते. बातमी देणाऱ्यांनी क्षमतेच्या आकड्याशेजारी हे दोन आकडे छापायला काहीच हरकत नाही.