विश्लेषण : गोठलेल्या नदीवर उभं राहिलेलं अर्थकारण; कोरियातला बर्फातल्या मासेमारीचा महोत्सव किती टिकणार?

पायाखाली पांढरी नदी, हातात वीतभर काठी आणि बर्फात पाडलेल्या छोट्या भोकात टक लावून बसलेली हजारो माणसं. दर जानेवारीत असे फोटो आणि रील्स समाजमाध्यमांवर फिरतात. त्यातले बरेचसे दक्षिण कोरियातल्या ह्वाचॉन या छोट्या जिल्ह्यातले असतात. या जिल्ह्याची लोकसंख्या जेमतेम २४ हजारांच्या घरात आहे. हिवाळ्यातल्या सुमारे तीन आठवड्यांच्या मासेमारी महोत्सवाला मात्र १० लाखांहून अधिक लोक येतात. हा सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा आहे : नदीवरचा बर्फ. तोच वेळेवर जमला नाही तर काय होतं, हे २०२० मध्ये दिसलं. हा महोत्सव चालतो कसा, त्यातून गावाला पैसा कसा मिळतो आणि त्याच्यापुढचा प्रश्न नेमका काय आहे?

ह्वाचॉनमध्येच हा महोत्सव का सुरू झाला?

ह्वाचॉन हा गँगवॉन प्रांतातला, उत्तर कोरियाच्या सीमेला लागून असलेला डोंगराळ जिल्हा. राजधानी सोलपासून रस्त्याने साधारण दोन-अडीच तासांवर. डोंगर, जंगल, धरणाचं पाणी आणि लष्करी निर्बंध यांमुळे इथे मोठे कारखाने आले नाहीत. शेतीयोग्य जमीनही कमीच. सीमेवर तैनात असलेले सैनिक आणि त्यांना भेटायला येणारे नातेवाईक हेच इथल्या खाणावळी, लॉज आणि दुकानांचे मुख्य ग्राहक.

जिल्ह्याकडे विपुल होती ती फक्त थंडी. हिवाळ्याच्या रात्री पारा उणे १० अंशांच्याही खाली जातो आणि गावातून वाहणारा ह्वाचॉनचॉन हा ओढा गोठतो. ज्या थंडीमुळे लोक इथे यायला नाखूश असत, तीच विकायचं स्थानिक प्रशासनाने ठरवलं. २००३ मध्ये पहिला महोत्सव झाला. पहिल्याच वर्षी दोन लाखांहून अधिक लोक आले. २००६ पासून हा आकडा १० लाखांच्या वर गेला. २०११ मध्ये ‘सीएनएन’च्या पर्यटन विभागाने हिवाळ्यातल्या सात आश्चर्यांत या महोत्सवाचा समावेश केला आणि तो जगभर पोहोचला. आयोजकांच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये १५ लाखांहून अधिक लोकांनी हजेरी लावली.

बर्फावर मासे पकडतात कसे?

पद्धत साधी आहे. गोठलेल्या पात्रावर ठरावीक अंतराने हजारो भोकं पाडलेली असतात. भोकाची रुंदी साधारण ताटलीएवढी. छोट्या काठीच्या दोरीला चकचकीत नकली आमिष बांधतात, ते तळापर्यंत सोडतात आणि हलके हलके झटके देत वरखाली करतात. हालचाल पाहून मासा झडप घालतो. पाणी नितळ असल्यामुळे अनेकजण बर्फावर पालथे पडून, भोकाला डोळे लावून मासा येतोय का ते पाहतात.

तैवान, थायलंड, मलेशियासारख्या बर्फ न पडणाऱ्या भागांतून येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. परदेशी पाहुण्यांसाठी वेगळी जागा राखून ठेवलेली असते आणि गळ कसा धरायचा इथपासून शिकवणारे मदतनीस असतात. त्यामुळे आयुष्यात कधी मासा न पकडलेला माणूसही तासाभरात फोटो काढण्यापुरता कोळी होतो. पकडलेला मासा लगेच भाजून घेण्याची किंवा कच्च्या माशाच्या पातळ कापा करून घेण्याची सोय शेजारीच असते.

पैसा गावात कसा राहतो?

ह्वाचॉनची खरी हुशारी इथे आहे. प्रौढांसाठी प्रवेशशुल्क सुमारे १५ हजार वॉन, म्हणजे साधारण हजार रुपयांच्या आसपास. त्यातले ५ हजार वॉन पर्यटकाला कुपनाच्या रूपाने परत मिळतात आणि हे कुपन ह्वाचॉनमधल्याच दुकानांत किंवा शेतमालाच्या विक्री केंद्रावर चालतं. साहजिकच पर्यटक मध, भाजी, तांदूळ किंवा जेवण यांवर कुपनात स्वतःचे थोडे पैसे घालून खर्च करतो.

दुसरी युक्ती मुक्कामाची. सोल जवळ असल्यामुळे लोक सकाळी येऊन संध्याकाळी परत जाण्याचा धोका होता. म्हणून गावातल्या लॉजमध्ये राहणाऱ्यांना रात्रीची मासेमारी मोफत ठेवण्यात आली. रस्त्यांवर टांगलेले माशाच्या आकाराचे हजारो कागदी कंदील गावातले ज्येष्ठ नागरिक वर्षभर बनवतात आणि त्याचा त्यांना मोबदला मिळतो. प्रतिव्यक्ती तीन मासे एवढीच मर्यादा असल्याने मासेही पुरवून वापरले जातात.

जिल्ह्यासाठी हे उत्पन्न पूर्वीपेक्षाही महत्त्वाचं झालं आहे. लष्करी फेररचनेत ह्वाचॉनमधली २७ वी पायदळ डिव्हिजन २०२२ च्या अखेरीस बरखास्त झाली. सैनिक गेले, त्यांच्याबरोबर दुकानांचा रोजचा धंदाही आटला.

हे मासे नदीतलेच असतात का?

नाही. महोत्सवातला मासा म्हणजे ‘सानचॉनओ’, समुद्रात न जाता गोड्या पाण्यातच राहणारा एक प्रकारचा सामन. कोरियात तो मूळचा पूर्वेकडे समुद्राला मिळणाऱ्या ओढ्यांत आढळतो. ह्वाचॉनचं पाणी मात्र बुखान आणि हान नद्यांमधून पश्चिमेकडे जातं. त्यामुळे देशातल्या मत्स्यशेती केंद्रांमध्ये वाढवलेले दीडशे टनांहून अधिक मासे दरवर्षी ट्रकने आणून पात्रात सोडले जातात.

म्हणजे नदी खरी, थंडी खरी. पण मासे पाहुणे. प्राणीहक्क संघटनांचा मुख्य आक्षेप यालाच आहे. माशांना आधी उपाशी ठेवलं जातं, दाटीवाटीने सोडलं जातं आणि त्यांचा जीव हा खेळ बनतो, असं त्यांचं म्हणणं. हौदात उतरून हाताने मासे पकडण्याच्या प्रकारावर तर सर्वाधिक टीका होते. जानेवारी २०२० मध्ये काही संघटनांनी आयोजकांविरोधात तक्रार दिली. तेव्हाचे पर्यावरणमंत्री चो म्युंग-रे यांनीही प्राण्यांच्या जिवावर माणसांची मौज योग्य नाही, या आशयाचं मत मांडलं. त्यावर स्थानिक लोक खवळले. राजधानीत बसून आमच्या पोटावर पाय देऊ नका, असा त्यांचा सूर होता. सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. कोरियाच्या प्राणी संरक्षण कायद्यातून खाण्यासाठीचे मासे वगळलेले आहेत, हे त्यामागचं कारण. कायदेशीर वाद तिथे थांबला, नैतिक वाद थांबलेला नाही.

नदीचा बर्फ तलावापेक्षा धोक्याचा का?

तलावाचं पाणी स्थिर असतं, म्हणून बर्फ बऱ्यापैकी सारखा जमतो. नदीत वरून बर्फ जमत असतो आणि खालून प्रवाह तो झिजवत असतो. त्यामुळे एका ठिकाणी हातभर जाड असलेला बर्फ दहा पावलांवर बोटभर असू शकतो. पुलाचे खांब, वळणं, ओढा मिळतो ती जागा विशेष धोक्याची.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मार्गदर्शनानुसार एका माणसाने चालायलाही किमान ४ इंच, म्हणजे १० सेंटिमीटर नवा, पारदर्शक बर्फ हवा. पांढरट, हवा आणि हिम मिसळलेल्या बर्फाची ताकद त्याच्या निम्मीच धरली जाते. ह्वाचॉनमध्ये एकाच वेळी हजारो माणसं पात्रावर असतात. त्यामुळे तिथे २० सेंटिमीटरहून जाड बर्फ लागतो.

त्यासाठी ओढा तात्पुरते बांध घालून अडवतात, पाणी संथ करतात, पातळी सांभाळतात. जाडी रोज मोजली जाते आणि पाणबुडे बर्फाखाली उतरून तडे तपासतात. माणसांना भोकांपाशी अंतर राखून बसवतात. थोडक्यात, नैसर्गिक वाटणाऱ्या या मैदानामागे मोठी यंत्रणा राबत असते.

मग २०२० मध्ये काय बिघडलं?

त्या वर्षी कोरियातला जानेवारी असाधारण उबदार होता. ४ जानेवारीला होणारं उद्घाटन आधी एका आठवड्याने पुढे ढकललं. त्यानंतर हिवाळ्यात पाऊस झाला. पावसाचं पाणी पात्रात शिरलं आणि जमलेला बर्फही गेला. शेवटी २७ जानेवारीला महोत्सव उघडला, पण बर्फावर बसायची सोय नव्हती. लोकांना काठावरून गळ टाकावे लागले. गर्दी नेहमीच्या निम्म्यालाही पोहोचली नाही. पाठोपाठ करोना आला आणि २०२१ व २०२२ चे महोत्सव रद्द झाले.

तोवर मासे मात्र वाढवून तयार होते. मत्स्यशेतीचे करार आधीच झालेले असतात. बर्फ नाही म्हणून मासा वाढायचा थांबत नाही. मग प्रशासनाने त्यांचे डबाबंद पदार्थ बनवून विकायला सुरुवात केली. २०२३ मध्ये महोत्सव परतला आणि पुन्हा १० लाखांचा टप्पा पार झाला.

त्याच प्रांतातल्या इंजे जिल्ह्याची अवस्था आणखी बोलकी आहे. सोयांग धरणाच्या जलाशयावरचा तिथला बर्फातल्या मासेमारीचा महोत्सव ह्वाचॉनपेक्षाही जुना. पण २०१५ मध्ये दुष्काळाने पाणी आटलं आणि २०१६ मध्ये बर्फ जमला नाही, म्हणून तो सलग दोनदा रद्द करावा लागला. छोटा ओढा अडवता येतो, भलामोठा जलाशय नाही.

हा फक्त कोरियाचा प्रश्न आहे का?

नाही. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात सेंट-ॲन नदीवर १९३८ पासून अशीच मासेमारी चालते. तिथले मासे रानटी आहेत. ते हिवाळ्यात सेंट लॉरेन्स नदीतून अंडी घालायला वर येतात. व्यावसायिक मंडळी गोठलेल्या नदीवर शेगडी असलेल्या लाकडी खोपट्यांचं गावच उभारतात आणि गळ, आमिष, मार्गदर्शक यांसह ती भाड्याने देतात. अलीकडच्या उबदार हिवाळ्यांत तिथेही हंगाम उशिरा सुरू होण्याची वेळ आली आहे.

‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत जानेवारी २०२० मध्येच, म्हणजे ह्वाचॉनचा बर्फ वितळत असताना, एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८४ ते २०१८ या काळातल्या चार लाखांहून अधिक उपग्रह छायाचित्रांवरून जगातल्या नद्यांवरचा बर्फ मोजला. जगाचं सरासरी तापमान एका अंशाने वाढलं, की नद्या गोठलेल्या राहण्याचा काळ सरासरी सहा दिवसांनी घटेल, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

सहा दिवस ऐकायला किरकोळ वाटतात. तीन आठवड्यांच्या धंद्यात मात्र सहा दिवस म्हणजे एखादा शनिवार-रविवार हातचा जाणं. शिवाय ही सरासरी आहे. जिथे हिवाळा आधीच शून्याच्या आसपास रेंगाळतो, तिथे फटका अधिक बसू शकतो.

धोका केवळ धंद्याचा नाही. कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या सपना शर्मा आणि सहकाऱ्यांनी १० देशांतल्या हिवाळी बुडीत मृत्यूंच्या ४ हजारांहून अधिक नोंदी तपासल्या. हवेचं हिवाळी तापमान उणे ५ ते शून्य अंशांदरम्यान असताना हे मृत्यू झपाट्याने वाढतात, असं त्यांना दिसलं. कडाक्याच्या थंडीत बर्फ भक्कम असतो. थंडीच नसेल तर कोणी पाय ठेवत नाही. घात करतो तो दिसायला पक्का, आतून कच्चा बर्फ.

मराठी पर्यटकांनी यातून काय घ्यावं?

गोठलेल्या नदीवर वाटाड्यासोबत जाण्याचा अनुभव महाराष्ट्रातल्या अनेक ट्रेकर्सना ठाऊक आहे. लडाखमधल्या झंस्कार नदीवरचा ‘चादर ट्रेक’ हे त्याचं उदाहरण. तिथेही बर्फाची चादर अचानक फाटली, की ट्रेक थांबवला जातो आणि बुकिंग केलेल्यांचा हिरमोड होतो. पैसे भरलेत, सुट्टी टाकलीये, म्हणून वाटाड्याला पुढे चलण्याचा आग्रह धरणं हाच अशा ठिकाणी सर्वात मोठा धोका. कोरिया असो वा लडाख, बर्फाबाबत स्थानिक माणसाचा ‘नाही’ हा शेवटचा शब्द मानायला हवा.

पुढे काय?

ह्वाचॉनने बर्फावरचं अवलंबित्व कमी करण्याचे मार्ग शोधले आहेत. चीनमधल्या हार्बिनच्या कारागिरांनी घडवलेल्या बर्फशिल्पांचं बंदिस्त दालन आहे. ऑगस्टमध्ये टोमॅटो महोत्सव भरतो. कुपनांमुळे शेतमालालाही ग्राहक मिळाला आहे.

तरीही १० लाख माणसं येतात ती टोमॅटोसाठी नव्हे, गोठलेल्या नदीवर बसून गळ टाकण्यासाठी. ह्वाचॉनने मासे विकत आणले, ओढा अडवला, पैसा गावात फिरवला, गर्दी सांभाळली. थंडी मात्र कुठल्याही कंत्राटात मिळत नाही. महोत्सव पुढच्याच वर्षी बंद पडेल असं नाही. २०२३ नंतरची गर्दी उलटंच सांगते. पण एखाद्या भरगच्च जानेवारीतल्या कमाईतून २०२०सारख्या वर्षासाठी काही बाजूला ठेवलं जातंय का, आणि ऐनवेळी महोत्सव पुढे ढकलण्याची हिंमत प्रशासन दाखवतंय का, यावर या जिल्ह्याचे पुढचे हिवाळे ठरतील.