विधवेची पेन्शन ‘इतर’ कशी?

नोकरदार निवृत्त झाला की त्याला पेन्शन मिळते. आयकर कायद्याच्या लेखी ही पेन्शन म्हणजे ‘पगार’. तो गेला की त्याच नोकरीपोटी, पण कमी रकमेची पेन्शन बायकोच्या नावावर येते. मात्र त्या दिवसापासून कायदा तिला पगार म्हणत नाही. ती जाते ‘इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न’ या सदरात, लॉटरीच्या बक्षिसाशेजारी!

नाव बदलल्याने काय बिघडले, असे कुणी विचारील. बिघडते ते असे. २०२४च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत पेन्शनरांची प्रमाणित वजावट ७५,००० रुपये केली. फॅमिली पेन्शन घेणारीला मात्र पेन्शनचा तिसरा हिस्सा किंवा २५,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. जुन्या पद्धतीत हाच हिशेब ५०,००० विरुद्ध १५,००० असा आहे. केंद्र सरकारच्या जुन्या पेन्शन नियमांत पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी, तर फॅमिली पेन्शन सर्वसाधारणपणे ३० टक्के. म्हणजे मिळकत आधीच घटलेली, आणि जिची घटली तिलाच वजावटही कमी.

२०२५-२६ या वर्षाचे उदाहरण घ्या. पेन्शन आणि ठेवीवरचे व्याज मिळून एखाद्या पेन्शनराला १२ लाख ७५ हजार रुपये मिळाले, तर नव्या पद्धतीत त्याला कर शून्य. फॅमिली पेन्शन आणि व्याज मिळून तेवढेच उत्पन्न असलेल्या विधवेला कर ५२,००० रुपये. कायद्यात बाई-पुरुष असा शब्द नाही, विधुरालाही हाच नियम आहे, हे खरे. पण नोकऱ्या कुणाच्या होत्या आणि मागे कोण उरते, हे कुणाला ठाऊक नाही?

“एवढी पेन्शन किती जणींना मिळते? बारा लाखांपर्यंत करच नाही, मग ओरड कशाची?” हा युक्तिवाद नेहमीचा. कर शून्य असला तरी उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की रिटर्न भरावेच लागते. पगार नाही म्हणून फॅमिली पेन्शनवर बँक पगारासारखा कर कापत नाही, फॉर्म १६ही देत नाही. सगळा हिशेब तिनेच मांडायचा. नवरा गेला त्या वर्षी तर दोन रिटर्न: मृत्यूच्या तारखेपर्यंतचे उत्पन्न त्याच्या नावे, त्यानंतरचे तिच्या नावे. त्याचे रिटर्न भरायला आधी कायदेशीर वारस म्हणून नोंदणी. जिच्या हाती जन्मभर पासबुक दिले नाही, तिने दुःखाच्या दिवसांत हे सारे एकटीने शिकायचे. चुकली तर नोटीस तिच्याच नावाने.

१९८२ साली नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, ती केलेल्या सेवेचे मोल आहे. मग आमचा सवाल असा: ती सेवा एकट्याने झाली काय? त्याचा डबा, त्याची आजारपणे, मुलांच्या शाळा, सासूसासऱ्यांची शुश्रूषा, दर बदलीला नव्याने मांडलेला संसार हे कुणाचे श्रम? नोकरी त्याच्या नावावर होती, ती टिकली दोघांच्या कष्टांवर. त्या कष्टांचा पगार तिला कधी मिळाला नाही. आता थोडासा मिळतो, तर कायदा त्याला ‘इतर’ म्हणतो. १ एप्रिल २०२६पासून लागू होणाऱ्या नव्या आयकर कायद्याने भाषा सोपी केली. हा भेद मात्र तसाच ठेवला.

आमच्या मागण्या साध्या आहेत. फॅमिली पेन्शनला पेन्शनइतकीच वजावट द्या. पेन्शन देणाऱ्या बँकेने दरवर्षी हिशेबाचा दाखला न मागता द्यावा. नवऱ्याच्या मृत्यूची नोंद झाली, की पुढे काय भरायचे ते मराठीत लिहून तिच्या हाती द्यावे.

आणि मैत्रिणींनो, तोवर एवढे कराच. पॅन कार्ड, पासबुक, पेन्शनचा आदेश स्वतःजवळ ठेवा. फॅमिली पेन्शनची थकबाकी एकरकमी आली, तर ती ज्या ज्या वर्षांची आहे त्या वर्षांत विभागून करसवलत मागता येते. हा कायद्याने दिलेला हक्क आहे. रिटर्न भरण्याआधीच त्यासाठीचा फॉर्म भरा. वजावट स्वतः तपासा, दीर-भाच्यावर सोडू नका. गटाच्या बैठकीत एक दिवस याच कागदांसाठी ठेवा. हिशेब आपल्या हाती आला, तरच तो चुकीचा आहे हे आपण ठणकावून सांगू शकू.