बर्फाखालचे दप्तर

यंत्राचा दोष म्हणून नोंदली गेलेली गोष्ट पुढे संशोधनाचे साधन ठरावी, अशी उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात थोडी नाहीत. ध्रुवप्रदेशावरून उडणाऱ्या विमानांतील रडारचे उंचीमापक बर्फावर आले की फसवे आकडे दाखवीत. रेडिओलहरी पृष्ठभागावरून सगळ्याच परतत नव्हत्या. काही बर्फात शिरून तळच्या खडकावर आपटून येत होत्या. वैमानिकाच्या जिवावर बेतणारा हा दोष शास्त्रज्ञांना मात्र वरदान वाटला. केंब्रिज येथील स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेत स्टॅन्ली इव्हान्स यांनी १९६० नंतरच्या वर्षांत खास याच कामासाठी रडार तयार केले, आणि अंटार्क्टिकाच्या पोटात डोकावण्याचा मार्ग खुला झाला.

तत्त्व साधे आहे. बर्फात रेडिओलहरीचा वेग सेकंदाला सुमारे १ लाख ६८ हजार किलोमीटर असतो. लहर परतण्यास लागलेल्या वेळावरून बर्फाची जाडी काढता येते. काही ठिकाणी ती साडेचार किलोमीटरहूनही अधिक भरली. व्होस्टोक या रशियन तळाखाली सुमारे चार किलोमीटर बर्फाच्या ओझ्याखाली एक प्रचंड सरोवर दडले आहे, याची पहिली चाहूल याच प्रतिध्वनींनी दिली.

परंतु खरे मोल आहे ते मधल्या थरांना. एखादा ज्वालामुखी फुटला की त्याची आम्लयुक्त धूळ हिमाबरोबर खाली बसते आणि त्या थराची विद्युतवाहकता बदलते. रडारला तो थर रेषेसारखा दिसतो. एका रेषेवरचा सगळा बर्फ एकाच काळचा. मुळात आडव्या असलेल्या या रेषा कोठे वाकल्या, कोठे खाली ओढल्या गेल्या, कोठे तुटल्या, हे पाहिले म्हणजे बर्फ हजारो वर्षे कसा वाहत आला ते कळते. कारण हे हिमकवच निश्चल नाही. स्वतःच्याच भाराने ते अखंड समुद्राकडे सरकत असते. तेही एकाच गतीने नव्हे. पश्चिम अंटार्क्टिकातील कॅम्ब हा हिमप्रवाह आज जवळजवळ थांबलेला आहे. पण रडारला त्याच्या कडेच्या जुन्या भेगा नंतर पडलेल्या हिमाखाली गाडलेल्या दिसल्या, आणि वरच्या थराच्या जाडीवरून हा प्रवाह सुमारे दीडशे वर्षांपूर्वी थबकला असा हिशेब निघाला. जो प्रवाह असा थांबू शकतो, तो पुन्हा सुटणारच नाही याची हमी कोण देणार?

ही पृच्छा केवळ पंडिती नव्हे. अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ वितळल्यास जगातील समुद्राची पातळी सुमारे ५८ मीटर चढेल. तसे काही शतकांत घडणार नाही हे खरे. पण त्यातला अगदी अल्प अंश सुटला तरी मुंबईसारख्या शहराला तो पुरून उरेल. उपग्रहांना बर्फाची उंची आणि पृष्ठभागाचा वेग उत्तम कळतो. तळाशी खडक आहे की पाणी, चढ आहे की उतार, हे जाणण्यासाठी अद्याप विमानानेच जावे लागते. तो खर्च मोठा, आणि म्हणूनच प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी जुना प्रश्न निघतो: याचा आज उपयोग काय?

या प्रश्नाला सर्वांत चोख उत्तर एका कोठारातून आले. १९७१ ते १९७९ या काळात ब्रिटिश, अमेरिकी व डॅनिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर सुमारे ४ लाख किलोमीटर उड्डाण करून रडारच्या नोंदी साध्या ३५ मिलिमीटर चित्रफितींवर उतरविल्या. त्यांना बर्फाची जाडी आणि खडकाचा नकाशा हवा होता; बर्फ किती वेगाने घटतो, हा त्यांचा विषयच नव्हता. नकाशे झाले, फिती केंब्रिजमध्ये पडून राहिल्या. कोणी त्या रद्दीत काढल्या असत्या, तर तक्रार करण्यास कोणी नव्हते. आपल्या कचेऱ्यांत ‘अ’ वर्गाचे कागद कायम आणि ‘ड’ वर्गाचे वर्षभरात नष्ट. त्या दंडकाने या फितींना कोणता वर्ग मिळाला असता, हे कारकुनाला सांगावयास नको. २०१९ साली स्टॅनफर्डचे डस्टिन श्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या फितींचे अंकीय रूपांतर करून नव्या मोजणीशी ताडून पाहिले. थ्वेट्स हिमनदीपुढचा समुद्रावर तरंगणारा पूर्वेकडील बर्फपट्टा १९७८ ते २००९ या अवधीत १० ते ३३ टक्के पातळ झाला होता. १९७८ची मोजणी २०१९ साली कितीही पैसे ओतून विकत घेता आली नसती.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. आज तेथे ‘मैत्री’ व ‘भारती’ ही आपली केंद्रे उभी आहेत आणि या संशोधनाची सूत्रे वास्कोतील राष्ट्रीय संस्थेकडे आहेत. मोहिमांना पैसा मंजूर होतो, ते योग्यच. पण मोहिमेवरून आलेल्या कच्च्या नोंदी पन्नास वर्षे वाचता येतील अशा जपण्यासाठी त्याच मंजुरीत वेगळी, कोणालाही अन्यत्र वळविता न येणारी तरतूद असली पाहिजे. ही निकड आज वाढली आहे. जुनी चित्रफीत निदान उजेडासमोर धरून पाहता येत होती. संगणकाच्या तबकड्यांवरील नोंदी, त्या वाचणारे यंत्र बाजारातून गेले की, मुक्या होतात.