वाचलेलं वर्ष कुणाच्या नावावर?

मे-जून महिना आला की आपल्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अमेरिकेतल्या नातेवाइकांचे फोटो येऊ लागतात. अंगात झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, शेजारी कौतुकाने हसणारे आईबाबा. कुणाची भाची, कुणाचा पुतण्या हायस्कूल पास झालेला असतो. आणि हल्ली त्याखाली एक ओळ हमखास असते, 'कॉलेजचं एक वर्षसुद्धा शाळेतच पूर्ण झालं!' आपण अंगठा पाठवतो, पण मनात प्रश्न राहतोच. शाळेत असताना कॉलेजचं वर्ष पूर्ण झालं, म्हणजे नक्की काय झालं? आणि तिथे होतं, तर मग आमच्या पोरींना का नाही?

मैत्रिणींनो, आज याच प्रश्नाची थोडी उकल करू या. मुलं हुशार असतातच, पण यात हुशारीपेक्षा व्यवस्थेचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेत बारावीपर्यंत शाळाच असते. नववी ते बारावी हे तिथलं हायस्कूल. पुढे कॉलेजात मात्र वर्षांपेक्षा क्रेडिट मोजतात. क्रेडिट म्हणजे आपल्या सरकारी परिपत्रकांत ज्याला 'श्रेयांक' म्हणतात ते. एक विषय एक सत्र शिकलात आणि पास झालात की साधारण ३ क्रेडिट जमा. अशी १२० जमली की चार वर्षांची पदवी, ६० जमली की दोन वर्षांची 'असोसिएट' पदवी. पोस्टातल्या आरडीसारखाच हिशोब. हप्ते भरत जायचे, रक्कम पुरी झाली की पदवी हातात. आता यातले काही हप्ते शाळेत असतानाच भरून टाकले तर? तेच ही मुलं करतात.

त्यासाठी दोन मुख्य रस्ते आहेत. पहिला 'अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट', म्हणजे एपी. हा १९५०च्या दशकात सुरू झाला आणि तो 'कॉलेज बोर्ड' ही संस्था चालवते. आपल्याच शाळेत, शाळेच्याच शिक्षकांकडून कॉलेजच्या पातळीचा विषय शिकायचा आणि मे महिन्यात परीक्षा द्यायची. एका विषयाची फी सुमारे १०० डॉलर. गुण १ ते ५. बऱ्याच ठिकाणी ३ गुणांना क्रेडिट मिळतं, पण नावाजलेली कॉलेजं ४ किंवा ५ मागतात, काही तर क्रेडिट देतच नाहीत.

दुसरा रस्ता 'ड्युअल एनरोलमेंट', म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी नाव. मुलगी शाळेतही असते आणि जवळच्या कम्युनिटी कॉलेजातही तिचं नाव दाखल असतं. वर्ग कधी तिच्या शाळेतच भरतो, कधी ती कॉलेजात जाते, कधी ऑनलाइन शिकते. इथे एका परीक्षेवर सगळं ठरत नाही. वर्गातले गुण थेट कॉलेजच्या गुणपत्रिकेवर चढतात. मिनेसोटा राज्याने १९८५ साली कायदा करून अकरावी-बारावीच्या मुलांना सरकारी खर्चाने कॉलेजचे विषय घेण्याची मुभा दिली. १९९० मध्ये वॉशिंग्टन राज्यानेही तसंच केलं. बघता बघता हे लोण देशभर पसरलं. २०२२-२३ या वर्षात तिथल्या सुमारे २५ लाख शाळकरी मुलांनी कॉलेजचा निदान एक विषय घेतला होता. कम्युनिटी कॉलेजातल्या दर पाच विद्यार्थ्यांमागे एक जण शाळेतला आहे!

एवढी गर्दी का? कारण पैसा. २०२४-२५ मध्ये आपल्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठाची सरासरी फी वर्षाला साडेअकरा हजार डॉलरच्या घरात होती. कम्युनिटी कॉलेजची चार हजारांच्या आसपास. त्यावर राहण्या-जेवणाचा खर्च, तो कित्येकदा फीपेक्षाही जास्त. पदवी घेणारी कित्येक पोरं डोक्यावर कर्ज घेऊनच बाहेर पडतात. अशा वेळी एक वर्ष वाचलं तर घराला केवढा आधार! कॉलेजांचाही यात स्वार्थ आहे. २०१० नंतर तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत मोठ्या वयाचे विद्यार्थी घटत गेले. बाकं रिकामी पडू लागली, ती शाळकरी मुलांनी भरली.

फायदा होतो का?

होतो, आणि तो तपासून पाहिलेला आहे. २००२ पासून गेट्स फाउंडेशनच्या मदतीने तिथे 'अर्ली कॉलेज' नावाच्या शाळा उभ्या राहिल्या. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही, अशा मुलांवर त्यांचा भर. काही शाळांत जागा कमी आणि अर्ज फार, म्हणून प्रवेश सोडतीने. आपल्याकडे आरटीईच्या जागांसाठी काढतात ना, तशी. त्यामुळे नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची सरळ तुलना करता आली, कारण दोन्हीकडची मुलं सारखीच होती, फरक फक्त नशिबाचा. २०१३ साली आलेल्या या अभ्यासात दिसलं, की नंबर लागलेल्यांपैकी ८० टक्के मुलं पुढे कॉलेजात गेली, न लागलेल्यांपैकी ७१ टक्के. अभ्यास संपेपर्यंत कॉलेजची एखादी पदवी किंवा प्रमाणपत्र हाती आलेल्यांचं प्रमाण एकीकडे २२ टक्के, तर दुसरीकडे अवघं २ टक्के.

हे आकडे मला पैशांच्या बचतीपेक्षा मोलाचे वाटतात. ज्या घरात कॉलेज कुणी पाहिलेलंच नाही, तिथल्या मुलीला पहिली भीती वाटते ती कॉलेजच्या फाटकाचीच. 'मला जमेल का?' सोळाव्या-सतराव्या वर्षीच तिने कॉलेजचा एक पेपर पास केला की ती भीती निम्मी होते.

पण दुसरी बाजूही बघा

पहिली गोष्ट, जमवलेलं क्रेडिट प्रत्येक दुकानात चालत नाही. त्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठात ते बहुधा चालतं. खासगी कॉलेजात किंवा दुसऱ्या राज्यात चालेलच असं नाही. कधी क्रेडिट मिळतं, पण मुख्य विषयात मोजत नाहीत. मग इंजिनीअरिंगच्या मुलीला ते असून नसल्यासारखं, आणि वाचायचं ते वर्ष वाचतच नाही.

दुसरी गोष्ट, ड्युअल एनरोलमेंटचे गुण पुसले जात नाहीत. सोळाव्या वर्षी गडगडलेला पेपर कॉलेजच्या कायमच्या नोंदीत राहतो आणि पुढे सरकारी आर्थिक मदत मागताना आडवा येऊ शकतो.

तिसरी आणि सगळ्यात मोठी. फी कुठे राज्य भरतं, कुठे आईबाप. त्यामुळे ज्या घरात पैसा आणि माहिती दोन्ही आहे, त्यांची मुलं पुढे. यात मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे, ही आनंदाची बाब. पण कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने अजून कमीच आहेत. ज्यांच्यासाठी शिडी लावली, त्यांच्याआधी दुसरेच वर चढले, असं व्हायला नको, ही चर्चा तिथे सतत चालू असते.

आपल्याकडे काय?

आपली अकरावी-बारावी तर नावानेच 'ज्युनिअर कॉलेज'. पुष्कळ ठिकाणी इमारतही तीच, आवारही तेच. पण त्या दोन वर्षांतलं काहीही पदवीच्या खात्यात जमा होत नाही. अमेरिकेसारखी सर्रास सोय आपल्याकडे अजून नाही.

पाया मात्र घातला गेला आहे. २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये 'अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स', म्हणजे एबीसी, सुरू झाली. विद्यार्थ्याच्या श्रेयांकांचं हे बँक खातंच. २०२३ मध्ये शाळेपासून पीएचडीपर्यंत सगळ्या शिक्षणाला श्रेयांक देणारा राष्ट्रीय आराखडा आला. ३० तासांचा अभ्यास म्हणजे १ श्रेयांक, वर्षाला ४० श्रेयांक. शाळेतून हल्ली जो 'अपार' क्रमांक काढायला सांगतात, तो याच साखळीतला.

आणि आपल्या ओळखीचा एक जुना रस्ता आहेच. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग इंजिनीअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. आयटीआय केलेल्यांनाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आता हिशोब मांडून बघा. दहावी, बारावी, मग चार वर्षांची पदवी, म्हणजे दहावीनंतर सहा वर्षं. डिप्लोमा तीन आणि पुढे तीन, तरी सहाच! वर्ष एकही वाचत नाही. पण तीन वर्षांनी हातात एक पक्का, नोकरी देऊ शकणारा कागद असतो. मध्येच काही झालं तर बारावीवाली रिकाम्या हाताने थांबते, डिप्लोमावाली नाही.

आपल्या मुलींच्या बाबतीत हे 'मध्येच काही झालं तर' फार महत्त्वाचं आहे. वडिलांचं आजारपण, कॉलेजच्या वेळेची एसटी बंद होणं, आणि 'चांगलं स्थळ आलंय', यातलं कुठलं कारण कधी उभं राहील सांगता येत नाही. म्हणून मला वाटतं, आपल्यासाठी श्रेयांकाचं खरं मोल लवकर संपवण्यात नाही, शिकलेलं वाया न जाण्यात आहे. पूर्वी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलं की सगळंच पाण्यात. आता एबीसी खात्यातले श्रेयांक साधारण सात वर्षांपर्यंत धरले जातात. लग्नानंतर, बाळंतपणानंतर मुलगी जिथे थांबली तिथून पुढे जाऊ शकते.

मात्र याच सोयीत एक धोकाही दडलेला आहे. नव्या धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. ही सोय मुलीची अडचण दूर करण्यासाठी आहे. पण 'सर्टिफिकेट मिळालं ना, आता पुरे' म्हणायला घरातल्यांना ती आयतं निमित्तही होऊ शकते. मुलाला एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर घरी बसा असं कोण म्हणतं? उद्या आपल्याकडेही शाळेतच कॉलेजचे श्रेयांक मिळू लागले आणि मुलीचं एक वर्ष वाचलं, तर ते वर्ष तिच्या पुढच्या शिक्षणाला मिळणार, नोकरीला मिळणार, की 'लवकर शिकून झालं, आता उरकून टाकू' म्हणत लग्नाच्या याद्यांत जाणार? अमेरिकेतल्या आईला क्रेडिट कुठे चालेल हे विचारावं लागतं. आपल्याला त्याबरोबर हेही विचारायचं आहे.

आज करता येईल असं

एक, नाव. आधार, दहावीची गुणपत्रिका, अपार आणि एबीसी खातं, सगळीकडे नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच आहे ना, ते आत्ताच बघा. जुळलं नाही तर श्रेयांक जोडले जाताना घोळ होतो. लग्नानंतर आधारवर नाव बदलणार असाल तर आधी या खात्यांचा विचार करा. शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतलंच नाव ठेवणं सगळ्यात सोपं.

दोन, कुठलाही कोर्स घेताना 'याला श्रेयांक आहेत का, आणि पदवीत ते धरणार का' हे कॉलेजच्या ऑफिसात विचारा आणि उत्तर लेखी घ्या. 'स्वयम' या सरकारी मंचावरचे विषय फुकट शिकता येतात, परीक्षेची फी तेवढी भरावी लागते. नियमानुसार पदवीच्या ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक अशा ऑनलाइन विषयांतून घेता येतात, पण कोणते विषय चालतील ते आपलं विद्यापीठ ठरवतं.

तीन, फी. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली आहे. तेव्हा 'पैसे नाहीत' हे कारण पुढे येण्याआधी तालुक्याच्या सेतूतून उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

आणि चार, दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी पेढे वाटून झाले, की लेकीजवळ बसा आणि तिलाच विचारा, 'पुढची वर्षं तुला कशाला हवीत?' तिचं उत्तर सगळ्यांसमोर, तिच्या बाबांच्या कानावर पडेल असं वदवून घ्या. मग पुढची बोलणी सोपी जातात.