प्रयोगशाळेआधी शिक्षक

१९४२ च्या ऑक्टोबर महिन्यात बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सादर केले. स्वतः बॅरिस्टर असूनही त्यांनी त्यात असे प्रतिपादन केले की, केवळ कला आणि कायदा यांच्या शिक्षणाने या वर्गाचे फारसे हित साधणार नाही. त्यास शास्त्र व तंत्रविद्या यांचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे. कायद्याच्याच पदवीवर उपजीविका करणाऱ्या आम्हांस हे मत आजही अंतर्मुख करते. परंतु उच्च शिक्षणाचा पाया गावच्या शाळेत घातला जातो, आणि तो घालणारा शिक्षक असतो. त्या शिक्षकाची तयारी कशी होते, इकडे आमच्या समाजाने लक्ष दिले पाहिजे.

गणित, विज्ञान, तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी हे विषय एकत्र गुंफून शिकवावेत, असा विचार सांप्रत सर्वत्र मांडला जातो. तो योग्यच आहे. गावातला हातपंप घ्या. लांब दांड्यामुळे जोर कमी का लागतो, हे विज्ञान. एक घागर भरण्यास दांडा किती वेळा मारावा लागतो, हे गणित. आतल्या झडपा पाणी वर कसे चढवतात, हे तंत्रज्ञान. आणि बिघडलेला पंप उघडून पुन्हा चालू करणे, ही अभियांत्रिकी. पंप एकच आहे. त्याचे तुकडे शाळेच्या वेळापत्रकाने केले.

कायदाही याच दिशेने बोट दाखवितो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणित यांचा मिळून किमान एक शिक्षक असावा, असे म्हटले आहे. त्याच कायद्याचे कलम २९ कृती आणि शोध यांतून शिक्षण व्हावे असे सांगते. साहित्यासाठी पैसाही मंजूर होतो. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्यात आले, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांत पाच वर्षांत आणखी ५०,००० प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. पण ज्या शिक्षकाने आयुष्यभर फळ्यावरून वहीत उतरवूनच विज्ञान शिकले, तो या उपकरणांचे काय करणार? मोडले तर भरपाई कोणी द्यावी, या भीतीने तो कपाटास कुलूप लावील. दोष त्याचा नव्हे. त्याला तयार न करता वर्गात उभे करणारांचा आहे.

शिक्षक तयार करता येतो, हे मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्याने दाखविले आहे. १९७२ साली तेथील १६ माध्यमिक शाळांत एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात शिक्षकांस व्याख्याने ऐकविण्यात आली नाहीत. मुलांनी जे प्रयोग करावयाचे ते शिक्षकांनी प्रशिक्षणात आधी स्वतःच्या हाताने केले. पुढे दरमहा एकत्र बसून त्यांनी आपल्या अडचणी सोडविल्या. परीक्षेतही मुलांस पुस्तक उघडण्याची मुभा होती, कारण परीक्षा पाठांतराची नव्हती. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ साली सरकारी आदेशाने बंद झाला. जे सरकारच्या मर्जीवर चालते आणि ज्याच्यामागे पालकांची संघटित मागणी नसते, ते असेच एका आदेशाने संपते.

आपल्या पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. त्यांच्या पद्धतीत शाळेतील मुले आठवड्यातून एक दिवस कार्यशाळेत, शेतात, विजेच्या जोडणीवर काम करतात, आणि गावचे कारागीरही शिक्षक होतात. जातिव्यवस्थेने हाताचे काम एकास व पुस्तक दुसऱ्यास वाटून दिले, आणि हात राबविणाऱ्यास हीन ठरविले. ती फारकत येथे मिटते.

मात्र एक सावधगिरीचा इशारा दिला पाहिजे. एकात्म शिक्षणाच्या नावाखाली आमच्या मुलांच्या हाती केवळ हत्यारे आणि इतरांच्या हाती बीजगणित, अशी नवी वाटणी आम्ही कदापि मान्य करणार नाही. हातोडीबरोबर समीकरणही आलेच पाहिजे. दोन्ही शिकवू शकेल असा शिक्षक मिळणे, हाच आमच्या मुलांच्या हक्काचा खरा अर्थ आहे.

तेव्हा पालकांनी स्वस्थ बसू नये. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. त्यांत निम्म्या स्त्रिया असतात, आणि वंचित घटकांतील पालकांस प्रमाणशीर प्रतिनिधित्व आहे. त्या जागा रिकाम्या ठेवू नका, कोणी पुढे केलेल्या कागदावर अंगठा वा सही देऊन परत येऊ नका. शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तासांचे प्रशिक्षण घ्यावे, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. त्यांपैकी किती तास उपकरण हाती घेऊन गेले, हे विचारा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांव्यतिरिक्त अन्य अशैक्षणिक कामास शिक्षकास जुंपण्यास कलम २७ ने मनाई केली आहे. ती पाळली जाते काय, हेही विचारा. आणि प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोठे आहे, ते पाहून या.