अफू आमची, वेदनाही आमचीच!

तिरुविडैमरुदूर हे नाव मराठी वाचकाला परके वाटेल. गाव मात्र तितकेसे परके नाही. कुंभकोणमजवळच्या या क्षेत्राला मध्यार्जुन असेही म्हणतात. १७९८ साली ईस्ट इंडिया कंपनीने तंजावरच्या अमरसिंह भोसल्याला गादीवरून उतरवले, तेव्हा तो तनखा घेऊन येथेच येऊन राहिला. येथील महालिंगस्वामीच्या देवळाची एक कथा प्रसिद्ध आहे. वरगुण पांड्य राजाच्या पाठीस ब्रह्महत्येचे पातक लागले होते. राजा पूर्वेच्या दाराने आत शिरला, पातक बाहेर त्याची वाट पाहत थांबले. राजा दुसऱ्याच दाराने बाहेर पडला आणि सुटला.

भाषांतराच्या कामानिमित्त प्रस्तुत लेखकाचा मुक्काम त्या गावी एका तंजावरी मराठी कुटुंबात पडला होता. शिवणकाम हा घरचा धंदा. आतल्या खोलीत घरची म्हातारी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेली. दिवसा शिवणयंत्राच्या आवाजात तिचे कण्हणे बुडून जाई. रात्री यंत्र थांबले की ते साऱ्या गल्लीला ऐकू येई. तिची सून, जिला सारे अक्का म्हणत, शांतपणे म्हणाली, “मोठ्या दवाखान्यात सांगितलं, आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या. घरी नेऊन काय करायचं, ते मात्र कोणी सांगितलं नाही.” तिच्या हातातल्या चिठ्ठीवर पॅरासिटमॉलच्या गोळ्या लिहिलेल्या होत्या.

“आता काही करण्यासारखे नाही.” देशातील लक्षावधी कष्टकरी घरांना हा निकाल ऐकवला जातो. तो मुळातच खोटा आहे, आणि तो कोणाच्या सोयीचा आहे हे तपासणे आपले काम आहे.

रोग बरा होत नाही म्हणजे रोग्यासाठी काहीच करता येत नाही, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच खोडून काढले आहे. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर रुग्णालय उघडले आणि ठरावीक वेळाने मॉर्फिन दिले तर मरणोन्मुख रुग्णही शुद्धीत व शांत राहतो, हे दाखवून दिले. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवरील उपचाराच्या तीन पायऱ्या जाहीर केल्या. औषध शक्यतो तोंडावाटे द्यायचे, वेदना उसळण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यायचे, आणि सौम्य औषध पुरेनासे झाले की मॉर्फिन द्यायचे. एवढ्या साध्या पद्धतीने बहुसंख्य रुग्णांची वेदना आटोक्यात येते. मॉर्फिनने मलावरोध होतो, म्हणून सोबत रेचक देतात. कुजलेल्या जखमेची दुर्गंधी मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड टाकून कमी करता येते. कूस बदलत राहिले तर पाठीला जखमा होत नाहीत. यालाच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदनाशामक शुश्रूषा म्हणतात. यातले काय असे आहे, जे तिरुविडैमरुदूरच्या गल्लीत होऊ शकत नाही?

मग औषधाचा तुटवडा आहे काय? मॉर्फिन अफूपासून निघते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात केंद्र सरकारच्या परवान्याने अफूची शेती होते. अफूचा चीक सरकारी कारखान्यांत जातो; त्यांतला गाझीपूरचा कारखाना कंपनी सरकारने १८२० साली काढला. तेथूनच चीनच्या जनतेला विष पुरवले गेले, आणि त्या व्यापाराचे वाभाडे मार्क्सने १८५८ साली ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मध्ये काढले. कंपनी गेली, साम्राज्य गेले, कारखाना राहिला. आजही या देशातली कायदेशीर अफू परदेशी औषध कंपन्यांना निर्यात होते. शेतकरी आमचा, चीक आमचा. आणि औषधावाचून तळमळणारी म्हातारीही आमचीच!

१९८५ साली अंमली पदार्थांचा कायदा आला. चोरट्या व्यापाराचे कंबरडे मोडण्याची भाषा झाली. चोरटा व्यापार चालूच राहिला. कंबरडे मोडले ते रुग्णाचे. मॉर्फिन आणणे, बाळगणे, वाहून नेणे यांसाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने, ते सारे एकाच वेळी चालू असले पाहिजेत, आणि चुकीला तुरुंगाची भीती. रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. १९८५ ते १९९७ या काळात देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नऊ-दशांशाहून अधिक घटला. वर्षानुवर्षांच्या झगड्यानंतर २०१४ साली कायदा दुरुस्त झाला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच परवान्यावर औषध ठेवण्याची मुभा मिळाली. परंतु दरम्यान मॉर्फिनची चिठ्ठी कधीही न लिहिलेल्या डॉक्टरांची एक अख्खी पिढी तयार झाली होती. कायद्यातली भीती गेली, ती मनातून गेली नाही.

भीती हेही पूर्ण उत्तर नव्हे. मॉर्फिनच्या साध्या गोळीवर कोणाचे पेटंट नाही. काही रुपयांच्या त्या गोळीत नफा नाही. म्हणून तिचा प्रचार करायला कोणत्याही कंपनीचा माणूस डॉक्टरच्या दारात उभा राहत नाही. २०१७ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने हिशेब मांडला: जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या मॉर्फिनसारख्या औषधांच्या सुमारे २९९ टनांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला जेमतेम १०० किलो येतात, आणि भारतात गरजेच्या सुमारे ४ टक्के औषध पोहोचते. २०१८ साली मोठ्या गाजावाजाने आलेली केंद्राची विमा योजना मुख्यतः रुग्णालयात भरती झाल्यावरच्या खर्चाची आहे. शेवटच्या आठवड्यातल्या अतिदक्षता विभागाचे बिल निघू शकते. शेवटच्या तीन महिन्यांत घरी येणाऱ्या परिचारिकेचे वेतन निघत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: मॉर्फिनने व्यसन लागेल, अमेरिकेत काय झाले पाहा. अवश्य पाहावे! पर्ड्यू फार्मा या कंपनीने १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले, व्यसनाचा धोका नगण्य असल्याचा प्रचार केला, आणि २००७ व २०२० साली न्यायालयात गुन्हे कबूल केले. तेथे नफा होता म्हणून औषध गरज नसलेल्यांच्या गळी उतरवले. येथे नफा नाही म्हणून गरजवंताला नाकारले. रोग एकच आहे. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णाला व्यसनाची भीती घालणे म्हणजे बुडत्याला सर्दी होईल म्हणून दोर न टाकणे!

आता थोडे आपल्याच घरात. काही कॉम्रेड म्हणतात, हे काम मिशनऱ्यांचे आणि धर्मादाय ट्रस्टांचे. मरणाऱ्याच्या उशाशी बसून वर्गसंघर्ष पुढे जात नाही. या साथींना एकच प्रश्न विचारावासा वाटतो. जन्मभर युनियनची वर्गणी भरणारा कामगार वारला की लाल निशाण घेऊन आपण वेळेवर पोहोचतो. त्याआधीचे तीन महिने आपण कोठे असतो?

केरळने याचे उत्तर दिले आहे. १९९३ साली कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेडिकल कॉलेजात लहानशी सुरुवात केली. पुढे मलप्पुरम आदी जिल्ह्यांत शेजारपाजारचे लोक शिकून तयार झाले आणि घरोघर जाऊ लागले. १९९६च्या जनयोजनेने पंचायतींच्या हाती पैसा व अधिकार आले होते. २००८ साली डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने वेदनाशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले; राज्य पातळीवरचे ते देशातले पहिले. दयेचे काम हक्काचे झाले, कारण लोक संघटित होते आणि सत्ता त्यांच्या गावापर्यंत आली होती. मुंबईत टाटा रुग्णालय १९४१ पासून आणि वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे. त्यांचे मोल कोण नाकारील? परंतु बीड-यवतमाळच्या शेतमजुराची रात्र मुंबईत सरत नाही, त्याच्या झोपडीत सरते.

तमिळनाडू सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ ही घरपोच आरोग्यसेवेची योजना सुरू केली. वेदनाशामक शुश्रूषा तिचा भाग आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र अशा योजनांचे ओझे मानधनावर राबणाऱ्या स्त्रियांच्या पायांवर आणि घरच्या सुनेच्या कंबरेवर टाकून सरकारला हात झटकता येणार नाहीत. स्वयंसेवकाने सरकारी सेवेला हात द्यावा. तिची जागा भरून काढणे हे त्याचे काम नव्हे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक तालुक्याचे सरकारी रुग्णालय मॉर्फिनसाठी मान्यताप्राप्त झाले पाहिजे आणि तोंडाने घ्यायचे मॉर्फिन तेथे बारमाही व मोफत मिळाले पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर व परिचारिका यांना या शुश्रूषेचे शिक्षण मिळाले पाहिजे. घरोघर जाणाऱ्या महिलांना कर्मचाऱ्यांचा दर्जा व पूर्ण वेतन मिळाले पाहिजे. आणि आपल्या प्रत्येक शाखेला आपल्या वस्तीत कोण अंथरुणाला खिळले आहे, हे ठाऊक असले पाहिजे. तालुक्याच्या दवाखान्यासमोर निदर्शने करायला आपण जातोच. पुढच्या वेळी फलकावर मॉर्फिनचेही नाव असू द्या.

वरगुण पांड्याला दुसरे दार सापडले. पैसेवाल्याला आजही ते सापडते. अक्काच्या सासूला ज्या दाराने आत नेले, त्याच दाराने ती वेदनेसह बाहेर आली. तिच्यासाठी दुसरे दार देवळात नाही. ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्याला पाडावे लागेल, आणि ते पाडणारे हात आपले असले पाहिजेत.